पासारगादचं पाणी

माझ्या बेडरूमच्या खिडकीसमोर एका बादशहाची कबर होती. वीतभर उंचीची, पांढऱ्या दगडाची. पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावर उतरत्या छपराची एक खोली, एवढंच. परदेशात, क्लेमेंटीला, आम्ही ज्या जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याने राहत होतो, तिथे बेडरूमची खिडकी सरळ कॉमन कॉरिडॉरमध्ये उघडायची. पडदा सारला की समोर कॉरिडॉरचा कठडा, आणि कठड्याला लावून ठेवलेलं शेजारच्या प्रोफेसरांचं टेबल. टेबलाच्या एका टोकाला ती कबर आणि उरलेल्या सगळ्या जागेत बादशहाची बाग.

प्रोफेसर इराणचे, शिराजचे. साठीला टेकलेले, उंच, जरा पोक काढून चालणारे. जवळच्या विद्यापीठात जुन्या बागांमधल्या पाण्याच्या व्यवस्थेवर काही वर्षांचं काम घेऊन आले होते आणि आमच्या मजल्यावरच्या शेवटच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. टेबलावरची बाग त्यांनी स्वतः रचली होती. फरशीच्या दुकानातून आणलेले संगमरवराचे तुकडे घासून त्यांचे चिंचोळे पाट केले होते, पाटात थोड्या थोड्या अंतरावर एकेक चौकोनी हौद, आणि टेबलाखाली एक छोटा पंप. पाणी एका टोकाने वर चढायचं, पाटांतून आणि हौदांतून फिरत बागेचे चार चौकोन आखायचं आणि परत खाली जायचं. दिवसभर त्याचा बारीक आवाज माझ्या खोलीत यायचा.

"ही पासारगादची बाग," पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. "इराणच्या पहिल्या बादशहाची राजधानी. अडीच हजार वर्षं होऊन गेली."

मी ऑडिटमध्ये होते. समोरच्याने काहीही सांगितलं की याला पुरावा काय, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर येतो. नवरा यावरून मला पुष्कळ चिडवतो.

"झाडं कुठली होती?" मी विचारलं.

"ते कोणालाच ठाऊक नाही. राजवाड्याच्या खांबांची बुडं राहिली आहेत, कबर राहिली आहे आणि हे दगडी पाट. झाडं गेली, माणसं गेली. पाट सापडले म्हणून कळलं की इथे बाग होती."

"मग तुमच्या टेबलावर एकही झाड नाही ते त्यासाठी?"

"जे माहीत नाही ते मी लावत नाही."

ऑडिटरला याहून गोड काय ऐकायला मिळणार! आमची त्या दिवसापासून गट्टी जमली. ऑफिसातून आले की मी कठड्यापाशी पाच मिनिटं उभी राहायचे. ते चहा आणायचे, बिनदुधाचा, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. बोलणं फार नसायचं. पाणी फिरताना बघायला बरं वाटायचं.

मला दिवस गेले, तिसरा महिना सरला आणि पुण्याहून आई आली. याआधी एकदा माझं पोट रिकामं झालं होतं, त्यामुळे या वेळी तिने कोणाचंही ऐकलं नाही. बाळंतपणाला अवकाश होता तरी बॅग भरून निघाली. शेजारी इराणी राहतो म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "हॉटेल आहे का त्यांचं?" पुण्यात तिचं सगळं तरुणपण इराण्याच्या बनमस्क्यावर गेलेलं, त्यामुळे इराणी आणि गल्ला या दोन गोष्टी तिच्या मनात एकत्रच होत्या. प्रोफेसर आहेत म्हटल्यावर ती जरा नाराजच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या खोलीचा पडदा सारला आणि तिथेच थांबली.

"ते काय गं, देऊळ?"

"कबर आहे. बादशहाची."

"गरोदर बाईच्या खिडकीसमोर कबर?"

"आई, खेळण्याएवढी आहे ती. आत कोणी नाही."

"आत कोणी असलं नसलं तरी कबर ती कबरच." आणि तिने पडदा असा ओढला की दांडीवरच्या दोन कड्या निसटल्या.

मी हसायला हवं होतं. पण एकदा हातचं गेलेल्या बाईचं विज्ञान फार पातळ असतं. मी पडदा तसाच राहू दिला. रोज सकाळी आई तो अर्धवट उघडायची, कबरीकडे बघायची, पुन्हा खस्सकन ओढायची. कोणाला काही बोलायला गेली नाही, पण तेवढं पुरेसं होतं. आठवड्याभरात एका सकाळी बघते तर टेबलावर कबर नव्हती. ती होती तिथे फक्त एक पांढरा चौकोन उरला होता, धूळ न बसलेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याकडे गेले तर तेच मला समजावू लागले. म्हणाले, "आमच्याकडचे गावकरी कित्येक शतकं तिला बादशहाची कबर मानतच नव्हते. एका प्रेषिताच्या आईची कबर आहे असं म्हणायचे. बायका तिथे नवस बोलायला जायच्या. तुमच्या आईंना सांगा, आईची कबर आहे म्हणून. पण ती राहील आतच."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आईची म्हणतेस? मग बिचारी एकटीच आत काय करेल." पण परत ठेवायला सांग, असं काही म्हणाली नाही.

श्रावणात आईने सत्यनारायण घातला. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या फळीवर देव होते, तिथेच तिने कलश मांडला. तांब्याचा कलश पुण्यालाच राहिला म्हणून तिची चिडचिड झाली होती. शेवटी स्वयंपाकघरातला स्टीलचा तांब्या घेतला. त्यात पाणी, सुपारी, नाणं, तोंडाशी आंब्याची पानं, वर शेंडीचा नारळ. आंब्याची पानं खालच्या मार्केटच्या मागच्या झाडावरची. ती तोडल्याबद्दल कोणी पकडेल म्हणून माझा नवरा पिशवी पोटाशी धरून पळत आला होता.

पूजा झाली, प्रसाद झाला. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून कलश हलवायचा, तर आईला नारळाच्या डोळ्याशी काहीतरी हिरवट दिसलं. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. नारळ मुळात जुना असणार. काही दिवसांत तिथून करंगळीएवढा कोंब वर आला.

हे आमच्याकडे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. कलशाच्या नारळाला कोंब फुटणं यापेक्षा मोठा शकुन नाही. आणि घरात पोटुशी बाई असताना तो फुटला तर बोलायलाच नको. आईने पुण्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना फोन केले. फोटो पाठवले. मावशीने फोनवरूनच त्याची दृष्ट काढली. "आता उत्तरपूजा बाळ आल्यावर," आईने जाहीर केलं. कलश हलवायचा नाही, हात लावायचा नाही, पाणी बदलायचं नाही. रोज सकाळी पानाच्या बाजूने पळीभर पाणी आत सोडायचं, बस्स. माझा नवरा, जो कुठल्याही देवाला उठून उभासुद्धा राहत नाही, तोही ऑफिसला जाताना कोंब किती वाढला ते बघून जायचा. मी बघायचे. खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या सोनोग्राफीपेक्षा माझा त्या कोंबावर जास्त भरवसा बसला होता.

श्रावण संपता संपता झिका आला.

डेंग्यूची आम्हाला सवय होती. लिफ्टजवळ बॅनर लागायचे, कुंड्यांखालच्या बशा काढायच्या, एवढंच. झिका निराळा होता. मोठ्या माणसाला दोन दिवस ताप, थोडं अंग लाल, डोळे लाल आणि संपलं. पण गरोदर बाईला डास चावला तर तो ताप पोटात उतरतो आणि बाळाचं डोकं वाढतच नाही. त्या आधीच्या महिन्यांत परदेशातल्या तशा बाळांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर येऊन गेले होते. मीही पाहिले होते, तेव्हा मी गरोदर नव्हते. आता डोळे मिटले की तेच दिसायचे.

पहिल्या केसेस सापडल्या त्या नवऱ्याच्या ऑफिसपासून फार लांब नव्हत्या. त्याचं ऑफिस पाया लेबारला. तो रोज तिथे जायचा, तिथे जेवायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे परत यायचा. डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे सांगितलं की हा आजार नवऱ्याकडूनही बायकोला होऊ शकतो. त्या दिवसापासून तो हॉलमध्ये झोपू लागला. दारातून आत आला की आधी बाथरूम, मग कपडे वॉशिंग मशीनमध्ये, मग लांबूनच "बरी आहेस ना?" माझ्याच नवऱ्याच्या हाताकडे मी डास बसलाय का म्हणून बघायचे.

सकाळी खाली फॉगिंगवाले यायचे. पांढऱ्या धुराचा लोट जिन्याने वर चढायचा, मजल्यामजल्याला थांबायचा. आम्ही दारं-खिडक्या लावून, फटींना ओले टॉवेल कोंबून आत बसायचो. धूर ओसरला की कॉरिडॉरमध्ये झुरळं उलटी पडलेली असायची. डास कुठेच दिसत नसे. दिसत नसे याचाच धसका जास्त होता.

अशात एका संध्याकाळी नवरा कॉरिडॉरमधून आत आला आणि म्हणाला, "अगं, समोर उघड्यावर एवढं पाणी आहे आणि आपण बादल्या पालथ्या घालतोय?"

आई लगेच म्हणाली, "मी म्हणतच होते."

ती मुळीच म्हणत नव्हती, तिचं सगळं भांडण कबरीशी होतं. पण मीही काही बोलले नाही. माझ्या खिडकीसमोर हातभरावर त्या बागेत चौकोनी हौदच हौद होते. मला रात्रंदिवस ज्याचा आवाज गोड वाटत आला, तोच आवाज त्या क्षणापासून नकोसा झाला.

नवरा त्यांच्याकडे गेला. मी पडद्याआडून ऐकत होते. तो फार अवघडून बोलत होता, माझी स्थिती, डॉक्टरांचं म्हणणं, तुम्हाला वाईट वाटू नये. त्यांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "अर्थातच," ते म्हणाले. वाकले आणि पंपाची वायर काढली.

आवाज थांबला. मग त्यांनी आतून एक टॉवेल आणला. पाटातलं पाणी टिपलं, एकेक हौद बोटाभोवती टॉवेल गुंडाळून आतून कोरडा केला. शेवटी टेबलाच्या दोन पायांखाली विटा सरकवल्या, पावसाचं पाणी आलं तरी थांबू नये म्हणून. कबर गेलेली, पाणी गेलेलं, तिरकं झालेलं ते टेबल पडद्याच्या फटीतून पाहताना मला वाटलं, ही बाग माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा ओसाड झाली आणि या वेळी ती आमच्यासाठी झाली. पण त्याच वेळी जीवही हलका झाला होता. दोन्ही खरं आहे.

गणपती आला, दीड दिवसाचा. आईने लिटिल इंडियातून मूर्ती आणली होती. विसर्जन बादलीत केलं. मूर्ती विरघळेपर्यंत बादली ठेवायची पद्धत, पण मी तासाभरातच आरडाओरडा करून ती रिकामी करायला लावली. किचनच्या खिडकीबाहेर कपड्यांच्या काठ्या खोचायच्या नळ्या असतात, त्यांत पावसाचं पाणी साठतं म्हणून त्यांना मी चिकटपट्ट्या लावल्या. फुलदाणी फेकली. फ्रिजच्या मागचा ट्रे काढून वाळवला. ऑडिटरच्या डोळ्यांनी मी घराचा कोपरा न् कोपरा तपासला आणि रोज कलशाला नमस्कार केला. कलशातलं पाणी आमच्या लेखी पाणीच नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात प्रोफेसर दिसेनासे झाले. दाराबाहेर दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडून होती. आईच्याच लक्षात आलं. "जेवतात तरी का ते?" म्हणून तिने मऊ भात आणि वरण डब्यात भरलं. मी दार वाजवलं. दार उघडलं नाही, आतून आवाज आला.

"कृपा करून मागे जा. माझे डोळे लाल झाले आहेत. मी हॉस्पिटलला फोन केला आहे, ते येत आहेत."

मी डबा खाली ठेवला आणि भिंतीला धरून घरात आले. थोड्या वेळाने मास्क लावलेली दोन माणसं आली. प्रोफेसर लांब बाह्यांचा स्वेटर, डोक्यावरून ओढलेली शाल, पायात मोजे अशा अवतारात बाहेर आले, इथल्या उकाड्यात. डासाने चावून त्यांचं रक्त पुढे नेऊ नये म्हणून. आमच्या दारावरून जाताना ते कठड्याला घासून चालले, होईल तितके लांबून. आमच्या खिडकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यांना झिकाच होता. तेव्हा अशा पेशंटना हॉस्पिटलात वेगळं ठेवत. आणि तो आमच्या मजल्यावर सापडला म्हटल्यावर तपासणीवाले दारोदार आले.

आमच्याकडे आली ती डोक्याला स्कार्फ बांधलेली एक तरुण मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च आणि खिशात काचेची पिचकारी. माझं पोट बघून तिचा चेहरा मऊ झाला. बाथरूम, किचन, खिडकीच्या नळ्या, सगळं तिने पाहिलं. "आंटी, व्हेरी क्लीन, लाह," शेवटी इथल्या बोलीतला लाडिक 'लाह' जोडून ती आईला म्हणाली. मला अभिमान वाटला. मग जाता जाता तिची टॉर्च देवांवरून फिरली.

"दॅट वन?" तिने विचारलं. "इनसाइड गॉट वॉटर?"

माझ्या तोंडून "नो" निघालं होतं. मग मीच थांबले.

तिला देवाच्या वस्तूला हात लावायचा नव्हता. तिने आईकडे पाहून हात जोडले आणि विचारल्यासारखं केलं. आईने काही न समजून नारळ उचलला. खालून पांढरी मुळं लोंबत होती. मुलीने पिचकारी आत घातली, पाणी ओढलं आणि एका पांढऱ्या झाकणात सोडून त्यावर टॉर्च धरली.

पाण्यात बारीक दोरे वळवळत होते. वर येत होते, खाली जात होते.

आईला इंग्रजी येत नाही. मला काही सांगावं लागलं नाही. तिने झाकणात पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडाचा रंगच गेला.

ती मुलगी हळू आवाजात बोलत होती. हे याच डासाच्या जातीचे असू शकतात, नमुना पाठवते, इथलाच डास शेजारी गेला की तिकडून इथे आला ते कोणालाच सांगता येणार नाही, तुम्ही घाबरू नका, पण रक्त तपासून घ्या. तिने पाण्यात औषध टाकलं, तांब्या फरशीवर ओतून पुसायला लावला. तांब्याचं भांडं असतं तर अळ्या धरल्या नसत्या, असं नंतर मला कोणीतरी सांगितलं. खरं खोटं मी तपासलं नाही. ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

ती गेली तरी नारळ आईच्या हातातच होता. कोंब चांगला वीतभर झाला होता, त्याला पहिलं पान सुटू लागलेलं.

"कुंडीत लावू या का?" मी म्हटलं.

"कुंडीला पाणी लागतं," आई म्हणाली.

ती किचनमध्ये गेली. तिथे भिंतीत कचरा टाकायचं लोखंडी दार असतं, त्यातून कचरा सगळ्या मजल्यांवरून सरळ खालच्या पेटीत जातो. आईने ते दार ओढलं. मी "आई, नको" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तिने नारळ आत ठेवला आणि दार लोटलं.

तो पडताना होणारा आवाज मी विसरू शकत नाही. भिंतीच्या आतून, एका एका मजल्यावर आपटत, खाली खाली, आणि मग काहीच नाही. आई भिंतीला हात लावून तो संपेपर्यंत उभी होती. मग पदराने हात पुसत म्हणाली, "ठेवला असता तर आजार, टाकला तर अपशकुन. मी माझ्या हाताने टाकला. आता जे काय व्हायचं ते माझ्या नावावर."

मी तिच्यावर ओरडले. काहीतरी बरळू नकोस म्हणाले, शकुन-अपशकुन सगळं खूळ आहे म्हणाले. ओरडताना माझे दात वाजत होते.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जाऊन रक्त तपासायला देऊन आले. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आईने देवापुढे दिवा लावला नाही. स्वयंपाक करायची, माझ्या हातापायांना डासांचं मलम चोळायची, पण माझ्या पोटाला हात लावायची नाही. आधी येता-जाता लावायची. एकदा मी तिचा हात धरून पोटावर ठेवला तर तिने भाजल्यासारखा काढून घेतला.

रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही. नवरा सोफ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे चांगलं आहे. पण संसर्ग होऊन बरेच दिवस गेले असतील तर टेस्टमध्ये नाहीही येत. आपण दर महिन्याला डोक्याचा घेर बघत राहू." म्हणजे सुटका नव्हतीच. प्रत्येक वेळी सोनोग्राफी करणारी बाई माऊसने त्या करड्या गोलाभोवती रेघ ओढायची आणि रेघेची दोन टोकं जुळेपर्यंत मी श्वास घेत नसे. बाळ अंगठा चोखतंय, लाथा मारतंय, हे ती दाखवायची. मला फक्त तो गोल दिसायचा.

प्रोफेसर बरे होऊन परत आले. वाळले होते. आमच्या घरात काय सापडलं ते त्यांना कळलं असणार, सगळ्या मजल्याला कळलं होतं. त्यांनी विषयसुद्धा काढला नाही.

एका दुपारी आई बादली भरून त्यांच्या दारात गेली. मी मागोमाग. तिने बादली टेबलाशी ठेवली, पायांखालच्या विटांकडे बोट दाखवलं, पाटांकडे दाखवलं, पंपाच्या वायरीकडे दाखवलं आणि हात जोडले. माझ्या आईला मी कोणापुढे असे हात जोडताना पाहिलेलं नाही. "यांना सांग," ती मला म्हणाली, "पाणी सोडा म्हणावं. तुमचं पाणी चांगलं होतं."

मी सांगितलं. आणि न राहवून विचारलं, "वाहत्या पाण्यात अळी होत नाही. तुम्हाला तर हे माहीतच होतं. मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यांनी आईकडे पाहिलं. "घाबरलेल्या आईला पाण्याचं शास्त्र सांगायचं नसतं," ते म्हणाले. "मलाही आई आहे." बादली त्यांनी स्वतः उचलली आणि आमच्या बाथरूममध्ये नेऊन ओतली. "आधी बाळ येऊ दे."

बाळ आलं ते त्यांचं इथलं काम संपल्यानंतर. ते नव्या वर्षात शिराजला परत गेले. जाताना टेबल आमच्या हॉलमध्ये आणून ठेवलं, पंप वेगळ्या पिशवीत. कबर पुन्हा तिच्या जागी बसवली होती. आईने स्वतः फडक्याने तिची धूळ पुसली.

मुलगी झाली. नर्सने टेपने तिचं डोकं मोजलं आणि आकडा सहज उच्चारला. मी तो पुन्हा म्हणायला लावला. मग दुसऱ्या नर्सकडून पुन्हा मोजून घेतलं. सगळं ठीक होतं.

बारशाला इथल्या मराठी मंडळातले एक गुरुजी आले होते. त्यांनी पाट मांडला, तांदूळ घातले आणि म्हणाले, "कलश आणा." आई म्हणाली, "कलश नाही." ते म्हणाले, "अहो, साधा तांब्या चालेल, पाणी आणि नारळ." आई म्हणाली, "सुपारीवर करा. या घरात कलश बसत नाही." इतक्या थंडपणे म्हणाली की गुरुजींनी पुढे विचारलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे कलश बसलेला नाही. आई पुण्याला परत गेली तरी नाही. पुण्यातही ती आता बसवत नाही, असं मावशी सांगते.

टेबल अजून आमच्याकडे आहे. हौद कोरडे, पंप ड्रॉवरमध्ये. चालू करू, चालू करू म्हणतो, पण कोणी करत नाही. मुलगी आता तीन वर्षांची झाली. बालवाडीतून आली की पाटांतून गाड्या फिरवते, कबरीत तिच्या बाहुलीला झोपवते. परवा तिने तिच्या बाटलीतलं पाणी एका हौदात ओतलं आणि वाट बघत बसली.

"आई, व्हाय धिस वॉटर डोन्ट गो वन?" हे पाणी पुढे का जात नाही, असं तिने बालवाडीत शिकलेल्या इथल्या इंग्रजीत विचारलं.

मी टॉवेल घेऊन धावले. पण टॉवेल टेकवायच्या आधी माझा दुसरा हात तिच्या डोक्यावर गेला होता. कानाच्या वरून, कपाळावरून, मागून फिरून परत कानापाशी. तिला वाटतं आई लाड करते. ती मान मागे टाकून डोळे मिटते आणि माझी बोटं पुन्हा एकदा मोजून घेतात.